गाडीला ‘भारत’ नंबर मिळाला, वहिनींना कधी?

लष्करातल्या माणसाची बदली झाली की कौतुक त्याचं होतं आणि बिऱ्हाड बांधते बायको. हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्या पुनावळ्याच्या इमारतीत अशी कुटुंबं येत-जात असतात. देहूरोड इथून हाकेच्या अंतरावर, खडकी-दापोडीही फार लांब नाही. क्वार्टर मिळेपर्यंत लोक इथं भाड्यानं राहतात.

एप्रिलमध्ये आमच्या मजल्यावर असंच एक कुटुंब जयपूरहून आलं. साहेब साताऱ्याकडचे, नायब सुभेदार. सामानाचा ट्रक पुढं गेलेला. काळ्या लोखंडी ट्रंका, त्यांवर पांढऱ्या रंगात नाव आणि हुद्दा. मागून गाडीत हे दोघं, दोन मुलं आणि मुलांनी मागं ठेवू न दिलेली तुळशीची कुंडी. पहिला मुक्काम उदयपूर, दुसरा सुरत. गंमत म्हणजे द्रुतगती मार्गाचा तुकडा सोडला, तर जयपूरपासून आमच्या दारापर्यंत महामार्ग एकच, क्रमांक 48. सुमारे तेराशे किलोमीटरमध्ये रस्त्यानं नंबर बदलला नाही. बाकी सगळं बदलावं लागलं.

घर शोधताना त्यांना ‘मूळचे कुठले?’ असं चार ठिकाणी विचारलं गेलं. हा प्रश्न मलाही पुष्कळदा विचारला गेलाय आणि त्याच्या पोटात दुसरा कुठला प्रश्न असतो, तेही मला ठाऊक आहे. त्यांच्या बाबतीत तो एवढाच होता, की दोन वर्षांत जाणार असाल तर आत्ताच सांगा. फौजीचा अभिमान आणि फौजी भाडेकरू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पण घर शेवटी मिळतं. मुलांची शाळाही मिळते. 1963 साली वीस रेजिमेंटल शाळा ताब्यात घेऊन केंद्रीय विद्यालयांची सुरुवात झाली, तीच मुळी बदलीच्या नोकरीत मुलांचं शिक्षण तुटू नये म्हणून. दाखला घ्यायचा, नव्या गावच्या केंद्रीय विद्यालयात द्यायचा, अभ्यासक्रम तोच.

गाडीचं रडगाणं मात्र बरीच वर्षं चाललं. 1988च्या मोटार वाहन कायद्यानुसार दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी ठेवली, तर नव्यानं नोंदणी करावी लागते. जुन्या आरटीओचं ना-हरकत पत्र, नव्या राज्याचा कर, जुन्या कराच्या परताव्यासाठी वेगळा अर्ज. सप्टेंबर 2021 पासून ‘बीएच’ म्हणजे भारत मालिकेचा नंबर आला. कर दोन-दोन वर्षांचा भरायचा, राज्य बदललं तरी नंबर तोच. पुढच्याच वर्षी जुन्या गाड्यांनाही ही सोय मिळाली. आमच्या शेजाऱ्यांच्या गाडीवर हाच नंबर आहे.

आता वहिनींचं ऐका. त्या परिचारिका. शिक्षण बेळगावला, पहिली नोंदणी कर्नाटकात. राजस्थानात गेल्यावर तिथल्या परिषदेकडं नोंदणी करावी लागली. त्यात आठ महिने गेले, मग जेमतेम वर्षभर काम केलं आणि बदलीचा कागद आला. आता महाराष्ट्रात पुन्हा पहिल्यापासून. जुन्या परिषदेचं ना-हरकत, कागदांची पडताळणी, शुल्क. वाकड, ताथवडे, रावेत, जिकडं बघाल तिकडं दवाखाने. त्यांच्या दारावर ‘नर्स पाहिजेत’ची पाटी. आणि अकरा वर्षं अनुभव असलेली बाई समोरच्या फ्लॅटमध्ये डबे भरतेय. सलाईन लावायची पद्धत कोटपुतळीला एक आणि पुनावळ्याला दुसरी असते का?

परिषदा म्हणतील, खोट्या पदव्यांचा सुळसुळाट आहे, पडताळणी हवीच. हवीच, ती एकदा कसून करा. पण दर बदलीला तीच बाई नव्यानं संशयित का? वकिलांचं उदाहरण आहे. सनद एका राज्याच्या बार कौन्सिलची असली, तरी 2011 पासून त्यांना कायद्यानं देशभर वकिली करता येते. शिक्षिकांचे हालही असेच. एका राज्याची पात्रता परीक्षा दुसऱ्या राज्यात चालेलच असं नाही.

‘त्यांना कॅन्टीन मिळतं की’, असं आमच्याच सोसायटीत एकानं सुनावलं. मिळतं. स्वस्तातला साबण हा बुडालेल्या पगाराचा मोबदला असतो, हे मला नवीन होतं.

मुलांची सोय झाली, गाडीची झाली, कारण कुणीतरी ती मागितली. बायकोची कमाई ‘वरची’ समजली जाते, म्हणून तिच्या नोंदणीची ओरड कुणी करत नाही. खुद्द साहेबही म्हणाले, ‘‘होईल हो, तिला कुठं घाई आहे?’’ वहिनी तेव्हा चहा गाळत होत्या. गाळणी हातातच धरून म्हणाल्या, ‘‘मला आहे घाई. तुमची पुढची पोस्टिंग यायच्या आत मला एक तरी पगार घ्यायचाय.’’