उंच बाइक खाली करण्याआधी

ऑक्टोबर सरला की दुबई-शारजात हवा जरा माणसात येते. शनिवारी पहाटे हत्ताकडे किंवा जबल जैसकडे निघणाऱ्या बाइकवाल्यांचे घोळके दिसू लागतात, आणि त्यांच्यातल्या मराठी मंडळींत एक प्रश्न दरवर्षी हमखास निघतो. "माझी उंची पाच फूट पाच इंच. अ‍ॅडव्हेंचर बाइक घेतली, पण सिग्नलला पाय धड टेकत नाहीत. खाली करून घेऊ का?"

यावर दोन ठरलेली उत्तरं मिळतात. एक, "होते रे सवय, बिनधास्त चालव." दुसरं, "गॅरेजवाला दोन तासांत लिंक बदलून देतो, काही होत नाही." मला दोन्ही उत्तरं अर्धवट वाटतात. पहिल्यात चालकाची खरी अडचण उडवून लावली आहे, दुसऱ्यात बाइकची. या प्रश्नाकडे थोडं भौतिकशास्त्राच्या नजरेनं पाहिलं तर उत्तर बरंच स्पष्ट होतं, म्हणून हा लेख.

सरासरी कुणाची?

आधी मनातला संकोच काढून टाकू. २०१६ साली जगभरच्या उंचीचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १९९६ साली जन्मलेल्या भारतीय पुरुषांची सरासरी उंची साधारण १६५ सेंमी आणि स्त्रियांची १५३ सेंमी निघाली. नेदरलंड्सच्या पुरुषांची सरासरी आहे १८२ सेंमीच्या वर. म्हणजे पाच फूट पाच इंचांचा मराठी माणूस बुटका नाही, तो आपल्याकडचा अगदी सरासरी माणूस आहे. बहुतेक मोठ्या अ‍ॅडव्हेंचर बाइक मात्र दुसऱ्याच कुणाची सरासरी धरून बनतात.

आता ढोबळ हिशेब करू. पायाची आतल्या बाजूची लांबी उंचीच्या साधारण ४५ टक्के असते. म्हणजे १६५ सेंमीच्या माणसाची सुमारे ७४ सेंमी. बुटाचा तळ ३ सेंमी धरला तर ७७. सीट ८५ सेंमीवर, आणि आपण बसल्यावर स्प्रिंग दबून ती ४-५ सेंमी खाली येते, म्हणजे ८० किंवा ८१. तीन-चार सेंमी इथंच कमी पडले. त्यात सीट रुंद असेल तर पाय सरळ खाली न जाता फाकतो आणि आणखी काही सेंमी वाया जातात. म्हणूनच बीएमडब्ल्यूसारख्या कंपन्या सीटच्या उंचीबरोबर एका पावलापासून सीटवरून दुसऱ्या पावलापर्यंतची लांबीही देतात. शोरूममध्ये बाइक पाहताना तो आकडा जास्त उपयोगाचा. समोरून निमुळती असलेली ८५ सेंमीची सीट कधीकधी रुंद ८३ सेंमीपेक्षा सोपी जाते.

काही अंशांची गोष्ट

पाय टेकत नाही म्हणजे नेमकं काय होतं? बाइक थोडी कलू द्यावी लागते, मग एक पाय टेकतो. २४० किलोची बाइक आहे, गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंमीवर आहे आणि आपण ती जमिनीपासून एक मीटरवर हँडलला धरून सावरतो आहोत असं समजा. बाइक ५ अंश कलली तर साधारण १२ किलोचा जोर लावावा लागतो. १० अंशांना २५ किलो, २० अंशांना जवळजवळ ५० किलो. पहिल्या काही अंशांत बाइक हातात असते, पुढे ती आपल्याला घेऊन जाते.

पाय ५ सेंमी कमी पडत असेल तर तो टेकायला सुमारे १२ अंश कलावं लागतं. अडीच सेंमी कमी पडत असेल तर सुमारे ७ अंश. म्हणजे सीट नुसती २५ मिमी खाली आली तर सावरायचा जोर ३० किलोवरून १८ किलोच्या आसपास येतो. बाइक खाली करावीशी वाटणं हा भित्रेपणा नव्हे, त्यामागे साधी त्रिकोणमिती आहे. "सवय होते" म्हणणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात घ्यावा. उतारावर, उलट्या बाजूला कललेल्या रस्त्यावर, मागे सामान असताना बाइक आडवी झाली आणि पाय खाली अडकला तर सवय कामाला येत नाही.

मग बाइक उंच असते कशाला?

उंचीचा मोठा वाटा चाकाच्या वरखाली होण्याच्या जागेचा असतो. चाकाला २०० मिमी हलायला हवं तर बाइकचा सांगाडा तेवढा वर असावाच लागतो. वाडीतल्या गोट्यांवरून जाताना, वाळूच्या टेकडीचा माथा ओलांडून पलीकडे उतरताना हीच जागा धक्का पचवते. ती संपली की धक्का सरळ मणक्यात आणि चाकाच्या रिममध्ये जातो. डकार रॅलीत वापरल्या जाणाऱ्या केटीएमच्या ४५० रॅली रेप्लिकाची सीट ९६० मिमीवर असते आणि चाकांना साधारण ३०० मिमी जागा मिळते. आपल्या दुबईत राहणाऱ्या सॅम संडरलंडनं २०१७ आणि २०२२ साली डकार जिंकली ती याच जातीच्या उंच बाइकवर. एवढ्या उंचीवर चांगल्या उंच माणसाचेही दोन्ही तळवे जमिनीला लागत नाहीत.

त्याचं भागतं, कारण वाळूत चालक बहुतेक वेळ पायठ्यांवर उभा असतो. उभं राहिल्यावर सीट किती उंच आहे याला काही अर्थ उरत नाही. आपल्या शनिवारच्या फेरीतही तेच आहे. दोनशे किलोमीटरमध्ये पाय जमिनीला लागतो तो एकूण काही मिनिटं. म्हणून माझं म्हणणं असं: ही अडचण थांबण्याची आहे, आणि लिंक बदलून आपण तिची किंमत चालण्यातून मोजतो. काही मिनिटांच्या सोयीसाठी उरलेल्या सगळ्या तासांची बाइक बदलते.

लिंक बदलल्यावर काय काय बदलतं

मागच्या शॉक अ‍ॅब्झॉर्बरला चाकाशी जोडणाऱ्या पट्ट्या वेगळ्या लांबीच्या बसवल्या की बाइकचा मागचा भाग खाली येतो. पट्टीची किंमत फार नसते आणि कामही पटकन होतं. पण ती पट्टी तरफेचा भाग आहे. तरफ बदलली की तीच स्प्रिंग चाकाला मऊ लागायची शक्यता असते. चाक सांगाड्याच्या जवळ आलेलं असतं, त्यामुळे मोठ्या धक्क्याला शॉक पूर्ण दबण्याआधीच टायर मडगार्डला घासू शकतो.

दुसरं, फक्त मागची बाजू ३० मिमी खाली आली आणि दोन चाकांत १,४५० मिमी अंतर असेल तर अख्खी बाइक सुमारे १.२ अंश मागे झुकते. पुढचा फोर्क तेवढा जास्त तिरका होतो. फोर्कच्या दांड्याची रेषा जमिनीला जिथं मिळते तो बिंदू आणि टायर टेकतो तो बिंदू यांतलं अंतर म्हणजे ट्रेल, तो ८-९ मिमी वाढतो. वजन मागे सरकतं. सरळ वाळूत हे खपून जाईल, पण जबल जैसच्या वळणांवर हँडल जड लागतं आणि पुढच्या टायरची पकड पूर्वीइतकी भरवशाची राहत नाही. रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो तो वेगळाच.

तिसरी गोष्ट सगळे विसरतात, ती म्हणजे साइड स्टँड. बाइक खाली आली, स्टँड तेवढाच राहिला, म्हणजे उभी केलेली बाइक जवळजवळ सरळ राहते. वारा सुटला किंवा कुणाचा धक्का लागला की पलीकडे आडवी. आणि चौथी, जमिनीपासूनची मोकळी जागा २०० मिमीची १७० झाली की वाडीतला जो दगड कालपर्यंत खालून निघून जात होता तो आज इंजिनखालच्या पत्र्यावर आदळतो.

शिवाय प्रत्येक बाइकला अशा पट्ट्या असतातच असं नाही. चाकणला बनलेल्या पहिल्या केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचरमध्ये शॉक थेट जोडलेला आहे, तिथं बदलायला लिंकच नाही. "सगळ्या गाड्यांचं करतो" म्हणणाऱ्या गॅरेजला हा प्रश्न जरूर विचारावा.

मग क्रम कसा असावा

माझ्या मते खर्च आणि धोका जिथं कमी तिथून सुरुवात करावी.

सगळ्यात आधी स्प्रिंग तपासा. चालक बसल्यावर मागचं चाक एकूण जागेच्या साधारण एक तृतीयांश दबायला हवं. कमी उंचीचा माणूस बहुधा वजनानंही हलका असतो, त्यामुळे वजनदार चालकासाठी निवडलेली स्प्रिंग त्याच्याखाली पुरेशी दबतच नाही आणि बाइक आणखी उंच राहते. एकाच गोष्टीचा त्याला दोनदा फटका बसतो. स्प्रिंगचा आगाऊ ताण नियमाप्रमाणे कमी केला की १० मिमीच्या आसपास फरक पडू शकतो, तोही फुकट. मात्र मागे कुणी बसणार असेल तेव्हा ताण परत वाढवायचा.

मग सीट. कंपनीची कमी उंचीची सीट मिळत असेल तर ती, नाहीतर फोम कापून पुढचा भाग निमुळता करून घ्यायचा. २० मिमी उंची आणि थोडी रुंदी कमी झाली तरी पुष्कळ, आणि चाकांच्या जागेला हात लागत नाही. त्यानंतर जाड पण ताठ तळाचे बूट. बोलून-चालून साधं, पण दोन सेंमी म्हणजे दोन सेंमी.

याच्याच बरोबरीनं थांबायला शिकायचं. दोन्ही चवडे लटपटत टेकवण्यापेक्षा सीटवर बाजूला सरकून एक पाऊल सपाट टेकवणं आणि दुसरा पाय मागच्या ब्रेकवर ठेवणं जास्त स्थिर असतं. थांबण्याआधी जमीन पाहायची आणि उंच बाजूला पाय टाकायचा. वाळूत तर पाय रुततो, तिथं सपाट पावलाचाही भरवसा नाही. म्हणून चढावर न थांबता उताराकडे तोंड करून थांबायचं. हे रिकाम्या मैदानात दोन-तीन सकाळी घासून शिकता येतं.

एवढं करूनही जमत नसेल, गुडघा दुखावलेला असेल, किंवा बाइक डांबरी रस्त्यावरच फिरणार असेल, तर जरूर खाली करा. त्यात कमीपणा नाही. पण पुरती करा. मागे जेवढी खाली तेवढ्या मापात पुढचे फोर्क क्लॅम्पमध्ये वर सरकवा, पूर्ण दाबून टायर कुठं घासत नाही ना ते पाहा, वजनाला साजेशी स्प्रिंग घाला, स्टँड आखूड करून घ्या, हेडलाइट पुन्हा लावून घ्या. इथं इंजिनात किंवा चेसिसमध्ये परवानगीशिवाय फेरफार केल्यास १,००० दिरहम दंड, १२ ब्लॅक पॉइंट आणि ३० दिवस गाडी जप्त अशी शिक्षा आहे. म्हणून पाना हातात घेण्याआधी तपासणी केंद्रात आणि विमा कंपनीत विचारून लेखी उत्तर घ्यावं. अपघातानंतर हा कागद शोधण्यात अर्थ नसतो.

गॅरेजचं काम की कारखान्याचं?

आता मुद्द्याचं बोलू. अडचण थांबण्याची आहे हे कंपन्यांनाही कळलं आहे. हार्ली-डेव्हिडसननं २०२१ साली पॅन अमेरिका १२५० स्पेशलसाठी थांबताना आपोआप खाली बसणारं सस्पेन्शन आणलं. बीएमडब्ल्यूच्या आर १३०० जीएसमध्ये तसा पर्याय घेतला तर सीट ८५० मिमीवरून ८२० वर येते आणि वेग घेतला की परत वर जाते. चालताना उंच, थांबताना ठेंगणी. उत्तम. पण हे समाधान महागड्या बाइकांपुरतं आहे.

स्वस्त उत्तर मात्र आपल्या शेजारीच होतं. २०१६ साली आलेल्या रॉयल एनफिल्डच्या पहिल्या हिमालयनची सीट ८०० मिमीवर होती. पुढच्या चाकाला २०० मिमी, मागच्याला १८० मिमी जागा, आणि जमिनीपासून २२० मिमी मोकळीक. पहिल्या केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचरची सीट ८५५ मिमीवर, चाकांना १७० आणि १७७ मिमी, मोकळीक २००. म्हणजे सीट ५५ मिमी खाली असूनही हिमालयनला जागा जास्त होती. केटीएम हलकी आणि कितीतरी चपळ, हे खरं. प्रत्येक आराखड्यात काहीतरी दिलं जातं आणि काहीतरी घेतलं जातं. पण कोणासाठी काय द्यायचं हे कागदावरच ठरतं, एवढं यातून दिसतं. पुढे २०२३ साली केटीएमनं भारतात याच बाइकची ८३० मिमी सीटची आवृत्ती आणली. चालकांनी तक्रार केली की बदल होतो, पण "मलाच जमत नाही" म्हणून गप्प बसलं की होत नाही.

म्हणून शोरूममध्ये गेलात तर लाजू नका. आपले रायडिंगचे बूट घालून बसा, स्प्रिंगचा ताण आपल्या वजनाला लावून द्यायला सांगा, कमी उंचीची सीट आणि कारखान्याचं कमी उंचीचं सस्पेन्शन मिळतं का ते विचारा, आणि नसेल तर "मग नको" म्हणा. १५३ सेंमीच्या आपल्या मैत्रिणी-बहिणींनी तर हे मोठ्यानं म्हणावं. पट्टी बदलून देणारं गॅरेज उद्याही तिथंच असेल. या मोसमात आधी मैदानात थांबायला शिका, स्प्रिंग लावून घ्या, सीट पाहा. त्यानंतरही वाटलं तर पट्टीचा विचार करा.