मानचिन्ह मिळाले, कसोटी कुठे?

आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने 2024 चा सर्वोत्तम पुरुष क्रिकेटपटू म्हणून जसप्रीत बुमराहला गौरविले. त्या वर्षी 13 कसोटी सामन्यांत त्याने 71 बळी टिपले होते. फलंदाजांचेच गोडवे गाणाऱ्या या देशात एका गोलंदाजाचा असा सन्मान व्हावा, ही समाधानाची गोष्ट. परंतु याच परिषदेने 2007 साली महिलांमध्ये झुलन गोस्वामीची निवड केली होती. पुढे काय घडले? आदल्याच वर्षी टाँटन येथे दहा बळी घेऊन तिने इंग्लंडच्या भूमीवर भारताला कसोटी मालिका जिंकून दिली होती. त्यानंतर थेट 2014 पर्यंत भारतीय महिला संघाच्या वाट्याला एकही कसोटी आली नाही! वीस वर्षांच्या कारकिर्दीत झुलन अवघ्या 12 कसोट्या खेळली. बुमराहच्या त्या एका वर्षाहूनही एक कमी. नियामक मंडळाने 2022 मध्ये सामन्याचे मानधन समान केले, हे स्वागतार्हच. पण सामनाच नसेल, तर मानधन कशाचे? कसोटी मिळाली की काय होते, ते डिसेंबर 2023 मध्ये नवी मुंबईत दिसले. दीप्ती शर्माने नऊ बळी घेतले आणि इंग्लंडचा 347 धावांनी धुव्वा उडाला.