वैद्यकाचें विद्यापीठ आणि गांवची विहीर

राष्ट्राची उन्नति टिकाऊ कशी होईल, हा प्रश्न आतां केवळ अर्थशास्त्रज्ञांचा राहिलेला नाहीं. सन २०१५ मध्यें संयुक्त राष्ट्रसंघानें सन २०३० पर्यंत गांठावयाचीं म्हणून जीं १७ ध्येयें ठरविलीं, त्यांत तिसरें आरोग्याचें व सहावें शुद्ध पाण्याचें आहे. कागदावर तीं निरनिराळीं असलीं, तरी खेड्यांतील आईला तीं एकाच घागरींत भेटतात. अतिसारानें कोमेजलेलें मूल रुग्णालयांत येतें, शिरेंतून क्षारद्रव दिल्यानें बरें होऊन घरीं जातें, आणि त्याच विहिरीचें पाणी पिऊन महिन्याभरांत परत येतें. अशा मुलास दोनदां बरें करणारा वैद्य कुशल खरा. पण ज्या विद्यापीठानें त्याला ती विहीर कधीं दाखविलीच नाहीं, त्याचें शिक्षण अपुरें होय, असें आमचें स्पष्ट मत आहे.

सेवाग्राम येथें डॉ. सुशीला नय्यर यांनीं सन १९६९ मध्यें महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापिली. तेथील नवे विद्यार्थी प्रथम आश्रमांत शिबिरास राहतात. पुढें प्रत्येक तुकडी एक खेडें दत्तक घेते, आणि वांटून दिलेल्या कुटुंबांची विचारपूस करते. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यक महाविद्यालयांत शिकलेले डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानें तर सन १९७० पासून जामखेड येथें त्याहून धाडसाचा पाठ घालून दिला. खेड्यांतील स्त्रियांना, त्यांतील पुष्कळशा निरक्षर, त्यांनीं मुलांचें वजन घेणें, सुरक्षित बाळंतपण करणें, आजार वेळींच ओळखणें हें शिकविलें. निरक्षर बाईला वैद्यक कसें येणार, असें कोणी म्हणेल. त्या स्त्रियांनीं तें करून दाखविलें आहे.

सन २०२१ नंतर एम्. बी. बी. एस्.च्या अभ्यासक्रमांत सर्वत्रच कुटुंबें दत्तक घेण्याची योजना आली, हें स्वागतार्ह आहे. भीति एवढीच कीं, वहींत नोंद, शिक्षकाची सही, आणि पुन्हां पुढच्या परीक्षेचें पाठांतर, एवढ्यावरच ती संपूं नये. अंतिम परीक्षेंत रोगी तपासावयास देतात, त्याप्रमाणेंच विद्यार्थ्यास त्याच्या कुटुंबांविषयीं विचारावें: पाणी कोठून येतें? मुलांचीं वजनें वाढलीं कीं घटलीं? गर्भवती स्त्री तपासणीस गेली काय? ज्याला गुण नाहींत त्यांत मन लागत नाहीं, हें आमच्या विद्यार्थ्यांस सांगावयास नकोच!

पालकांस एक विनंति. मुलास डॉक्टर करण्याची आपली आकांक्षा योग्यच आहे. महाविद्यालय निवडतांना वसतिगृहाची व शुल्काची चौकशी आपण करालच. त्याबरोबर तेथील विद्यार्थी कोणत्या गांवीं जातात व तेथें किती दिवस राहतात, हेंही एकदां विचारावें.