नोंद नसलेली मिळकत

दौंड तालुक्यातील खुटबाव हे गाव पुणे-दौंड लोहमार्गावर आहे, आणि पुणे-सोलापूर हमरस्ता तेथून जवळच, यवतवरून जातो. उसाच्या हंगामात या टापूत उसाच्या ट्रॉल्या, दुधाचे कॅन लटकाविलेल्या मोटारसायकली आणि परगावचे अवजड ट्रक एकाच वाटेने धावत असतात. २०१९ च्या जुलै महिन्यात यवतचे नऊ तरुण याच हमरस्त्यावर लोणी काळभोरजवळ एका क्षणात गेले, हे वाचकांच्या स्मरणात असेल.

अशा मृत्यूनंतर तेरावा होतो, पाहुणे परततात, आणि मग घरात पैशाचा प्रश्न उभा राहतो. गेलेला मनुष्य सरकारी नोकर असला तर पगारपत्रक बोलते. परंतु गुऱ्हाळावरील गुळव्या, घरोघर दूध घालणारा, गवंडी किंवा भाड्याने ट्रॅक्टर चालविणारा यांची प्राप्ती किती होती? घरच्या माणसांस ती ठाऊक असते; न्यायाधिकरणास ती सिद्ध करून हवी असते. सगळा तंटा येथेच आहे.

वाहनाच्या अपघाताचा विचार आपल्याकडे नवा नव्हे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात गाडीची वेसण तुटली, जू किंवा आस मोडला, अथवा हाकणाऱ्याने ‘बाजूला व्हा’ म्हणून ओरडून सांगितले, तर दंड नाही असे म्हटले आहे. मात्र सारथी अडाणी असल्याने हानी झाली तर दंड गाडीच्या मालकास. (नुसता हॉर्न वाजविला म्हणजे सुटलो असे मानणारे आजचे चालक त्या सवलतीवरच जगत असावेत!) परंतु तो दंड होय, मृताच्या मुलाबाळांनी पुढे काय खावे हा विचार त्या श्लोकांत दिसत नाही. तो कायद्यात आला १८५५ च्या प्राणघातक अपघातांच्या अधिनियमाने. पुढे १९५६ च्या दुरुस्तीने मोटार अपघातांसाठी निराळ्या न्यायाधिकरणांची सोय झाली, आणि आज १९८८ चा मोटार वाहन कायदा चालू आहे.

या कायद्यातही स्वतंत्र धंदा करणाऱ्यास प्रथम दुय्यम स्थान मिळाले. २००९ मध्ये सरला वर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भरपाईची गणितपद्धती घालून दिली. परंतु पुढील वाढत्या प्राप्तीची भर कायम नोकरास दिली आणि स्वतंत्र धंदेवाल्यास सामान्यतः दिली नाही. जणू नोकराचाच पगार वाढतो आणि गवंड्याची मजुरी जन्मभर तीच राहते! २०१२ मध्ये संतोषदेवी खटल्यात त्याच न्यायालयाने या समजुतीस हरकत घेतली आणि महागाईबरोबर न्हावी, लोहार, गवंडी हेही आपले दर वाढवितातच हे मान्य केले. शेवटी ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी प्रणय सेठी प्रकरणी पाच न्यायमूर्तींनी वाद मिटविला. स्वतंत्र धंदेवाल्याचे वय चाळिशीच्या आत असेल तर प्राप्तीत शेकडा ४०, चाळीस ते पन्नास असेल तर २५, आणि पन्नास ते साठ असेल तर १० इतकी भर घालावयाची. कायम नोकरास हीच भर अनुक्रमे ५०, ३० आणि १५ आहे. म्हणजे अंतर उरलेच, पण ते पूर्वीसारखे उघड अन्यायाचे नाही.

आता हिशेब पाहू. समजा, गुळव्याचे वय ३८, मागे पत्नी, दोन मुले व आई. महिन्याची प्राप्ती १२,००० धरली, तर शेकडा ४० भर घालून १६,८०० होतात. आश्रित चार असल्याने मृताच्या स्वतःच्या खर्चाबद्दल एक चतुर्थांश वजा, राहिले १२,६००. वर्षाचे १,५१,२००, या वयास गुणक १५, एकूण २२,६८,००० रुपये. त्याच माणसाची प्राप्ती २०,००० सिद्ध झाली तर हीच रक्कम ३७,८०,००० होते. पंधरा लाखांवरचा हा फरक कशाचा? केवळ पुराव्याचा. मनुष्य तोच, कष्ट तेच.

पुरावा नसेल तर न्यायाधिकरण बहुधा किमान वेतनाचे दर पाहते. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चंद्रा प्रकरणी असे सांगितले की हे दर एक माप आहे, शेवटचे माप नव्हे. थोडा अदमास करावाच लागतो. तथापि अदमासालाही काही आधार लागतो. दूधसंकलन केंद्राच्या पावत्या, साखर कारखान्याचे ऊसबिल, गुळाच्या अडत्याची पट्टी, कर्जाचे फेडलेले हप्ते, मुलांच्या शाळेची फी, गुऱ्हाळमालकाची साक्ष: हे सर्व कामी येते. आमच्या वाचकांपैकी कित्येक म्हणतील, हे शेतकऱ्या-मजुरांचे. त्यांस आम्ही विचारतो, आपल्या घरच्या भिक्षुकी करणाऱ्या काकांच्या दक्षिणेची अथवा शिकवण्या घेणाऱ्या वहिनींच्या फीची वही कोणी ठेवली आहे काय? रोजच्या प्राप्तीसाठी एक साधी वही आणि महिन्याकाठी बँकेत थोडा भरणा, एवढे प्रत्येक घरात सुरू व्हावे.

एकत्र कुटुंबांस आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. भरपाई आली की ती सासऱ्याच्या हाती जावी आणि सुनेने माहेरी गेल्यास तिचा हक्क सरावा, अशी भाषा अजूनही ऐकू येते. ती खोटी आहे. विधवा, मुले आणि आई यांचे हिस्से न्यायाधिकरण ठरविते, आणि अज्ञान मुलांचे पैसे सामान्यतः मुदतठेवीत ठेवविते. मुंबई-पुणे रस्त्यावर २०१० मध्ये झालेल्या एका अपघातात एकोणीस वर्षांची मुलगी विधवा झाली. तिने पुन्हा लग्न केले म्हणून विमा कंपनीने हरकत घेतली; २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती फेटाळली. भरपाई मिळावी म्हणून तिने जन्मभर विधवाच राहावे असे कायदा म्हणत नाही. मग घरच्यांनी तरी का म्हणावे?

अर्ज राहत्या ठिकाणच्या न्यायाधिकरणाकडे करता येतो. अपघात परजिल्ह्यात झाला तरी तेथे खेटे घालावे लागत नाहीत. एप्रिल २०२२ पासून अर्जास अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांची मुदत आली. तिच्याविरुद्धचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आहे. तरी त्याच्या भरवशावर न राहता पोलिसांची फिर्याद, पंचनामा, शवचिकित्सेचा अहवाल आणि धडक देणाऱ्या गाडीच्या विम्याचा तपशील पहिल्या महिन्यातच जमवावा.