जीपची ढिली काच आणि कारागिराचा शब्द

पुढच्या काचेची फ्रेम हलते, खडखडते, पावसात पाणी आत येते. ही तक्रार घेऊन जुनी जीप गॅरेजच्या दारात उभी राहिली की आपले अनेक कारागीर म्हणतात, "हे तर अर्ध्या तासाचे काम." आमचे मत निराळे आहे. हे काम वाटते तेवढे लहान नाही आणि ते कसे केले जाते, यावर आपल्या धंद्याची पत अवलंबून आहे.

हिंगोली जिल्ह्यातच घडलेली गोष्ट सांगतो. सेनगाव तालुक्यातील एका शेतकऱ्याने या एकाच दुखण्यासाठी वर्षभरात तीन ठिकाणी पैसे दिले. पहिल्याने फ्रेमखाली ट्यूबच्या रबराचे तुकडे कोंबले. दुसऱ्याने फटीत सिलिकॉन भरले. तिसऱ्याने कमालच केली, फ्रेम खालच्या पत्र्याला वेल्डिंगने कायमची चिकटवून टाकली. महिनाभरात काच कोपऱ्यातून तडकली. चौथ्या उस्तादांनी पाना हाती घेण्याआधी शागिर्दाला फ्रेम हलवायला सांगितली आणि स्वतः बिजागरीवर बोट ठेवले. बोल्टची भोके झिजून लंबगोल झाली होती. पूर्ण काम व्हायला दीड दिवस लागला. पैसे देताना शेतकरी म्हणाला, "उस्ताद, हे पहिल्यांदाच कोणी सांगितलं असतं, तर तेव्हाच पैसे मोजले असते."

हे वाक्य आपण सर्वांनी लक्षात ठेवावे. गिऱ्हाईक पैशाला नाही म्हणत नव्हते. त्याला खरा दोष कोणी सांगितलाच नव्हता.

हा दोष का होतो, हेही समजून घेतले पाहिजे. जीप मुळात दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी बनली. गाडीची उंची कमी व्हावी, ती लपवता यावी आणि जहाजातून नेताना जागा वाचावी म्हणून तिची काच बोनेटवर आडवी पडेल अशी बिजागरीवर बसवली गेली. पुढे विलीस कंपनीची ही गाडी महिंद्र कंपनीने भारतात आणली. १९४५ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीचे पहिले नाव 'महिंद्र अँड मोहम्मद' होते. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव बदलले. नाव बदलले, पण बिजागरीची काच राहिली. सीजे ३४० किंवा एमएम ५४० अशा पुढच्या काळातील जीपमध्येही ती दिसते. म्हणजे हा सांधा हलण्यासाठीच केलेला आहे. काळ्या मातीच्या गाडवाटेवर वर्षानुवर्षे धक्के खाल्ल्यावर तो ढिला होणारच.

आमच्या पाहण्यातील जाणते कारागीर चार जागा तपासतात. बोल्ट नुसते सैल आहेत काय? बिजागरीची पिन किंवा भोक झिजले आहे काय? बिजागरीखालचा पत्रा गंजून फाटला आहे काय? आणि फ्रेमखालचे रबर वाळून कडक झाले आहे काय? आतून फ्रेम ओढून धरणारे आकडेही पाहावे लागतात. ताडपत्रीचे हूड फार ताणून बसवले असेल, तर तेही फ्रेमला सतत मागे खेचत राहते.

उपाय दोषाप्रमाणे ठरतो. बोल्ट सैल असतील तर नवे स्प्रिंग वायसर घालून आवळणे पुरते. भोक लंबगोल झाले असेल तर ते भरून नव्याने पाडावे, नाहीतर बिजागरी बदलावी. पत्रा गेला असेल तर कुजका भाग कापून नवा जोडावा. गंजावर लांबी भरून रंग मारणे ही दुरुस्ती नव्हे. वेल्डिंग करायचेच असेल तर आधी बॅटरीची तार सोडावी आणि काच उतरवून ठेवावी. फ्रेम बसवताना बिजागरीचे बोल्ट आधी सैलच ठेवावेत. नव्या रबरावर फ्रेम सरळ बसली, आतले आकडे लागले, की मग दोन्ही बाजू आलटून पालटून थोड्या थोड्या आवळाव्यात. एक बाजू आधी करकचून आवळली की फ्रेमला पीळ पडतो आणि तो पीळ काचेवर येतो. वेल्डिंगने चिकटवलेल्या फ्रेमची काच तडकते तीही याच कारणाने. गाडीचा सांगाडा खड्ड्यात पिळवटतो आणि सगळा ताण काचेला सोसावा लागतो. शेवटी वरून पाणी ओतून पाहावे, गाडी आठ-दहा किलोमीटर फिरवून आणावी आणि बोल्ट पुन्हा एकदा तपासावेत.

काच विकणाऱ्या व्यापारी बंधूंनाही एक गोष्ट सांगणे आहे. जुन्या जीपची काच सपाट असल्याने कोणत्याही दुकानात कापून मिळते, आणि धोका तेथेच आहे. खिडकीची साधी काच स्वस्त पडते, पण फुटली तर तिचे सुऱ्यासारखे तुकडे होऊन थेट चेहऱ्यावर येतात. पुढे लॅमिनेटेड काचच हवी. तिच्या दोन थरांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असल्याने तुकडे जागेवरच धरून राहतात. मोटार वाहन नियमांनुसार पुढच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश पार झाला पाहिजे. चार पैसे वाचवण्यासाठी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांशी खेळ करणे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

आता कारागिराची बाजू. तीही खरी आहे. गिऱ्हाईक येताच विचारते, "कितीत करून देता?" दोन तास खपून दोष शोधला तर म्हणते, "एक बोल्ट तर आवळला, त्याचे एवढे पैसे?" म्हणून कारागीर रबर कोंबतो, हाती येईल ते घेतो आणि गाडी वाटेला लावतो. प्रत्येक वेळी हा लोभ असतोच असे नाही. दोष शोधण्याच्या अकलेला दामच मिळत नाही, ही खरी अडचण आहे. पण ती अकल फुकट वाटायची आपणच सवय लावली आहे, तेव्हा ती मोडायचीही आपणच.

आमची सूचना साधी आहे. तपासणीचे पैसे वेगळे सांगा आणि काम सुरू करण्याआधी सांगा. दोष गिऱ्हाइकाच्या हाताला लावून दाखवा. तात्पुरती मलमपट्टी हवी असेल तर जरूर करा, पण ती तात्पुरती आहे हे बिलावर लिहा. काढलेला जुना भाग परत द्या. रबर कंपनीचे की लोकल, हे दुकानदारानेही तोंडाने सांगावे. पंधरा दिवसांनी बोल्ट फुकट आवळून देण्याचा शब्द द्या आणि पाळा.

असे गिऱ्हाईक आज आहे काय, असे कोणी विचारील. आहे. १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरील खाजगी मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरील हलक्या मोटारींसाठी ते १०,००० रुपये करण्यात आले. एवढा खर्च सोसून जो जुनी जीप ठेवतो, तो तिच्यावर जीव असल्याशिवाय ठेवत नाही. हरियाणातील मंडी डबवालीसारख्या लहान गावाने जीप बांधणाऱ्या कारागिरांच्या बळावर देशभर नाव मिळवले. गाडीचा मूळ घाट बदलण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आडवे येते. पण जी गाडी जशी होती तशी नीट करून देणे, याला कोणाची आडकाठी नाही. हे काम हिंगोलीतही होऊ शकते, हात येथेही आहेत.

सेनगावचा तो शेतकरी आता आपल्या ओळखीच्यांना त्याच उस्तादांकडे पाठवतो. आधीच्या तिघांची दुकाने त्याच रस्त्यावर आहेत आणि त्यांचे दरही कमी आहेत. तो त्यांच्या दारावरून पुढे जातो.