रतावसानाचा प्रश्न आणि मराठी समीक्षेचे मौन

लैंगिकतेचे चित्रण समोर आले की मराठी समीक्षा गेली पन्नास-साठ वर्षे दोनच प्रश्न विचारत आली आहे : हे अश्लील आहे काय, आणि हे विकृत आहे काय? पहिल्या प्रश्नाची धार न्यायालयांनी बरीच बोथट केली. 'रंभा'च्या १९६२ च्या दिवाळी अंकातील 'श्यामा' या कथेबद्दल चंद्रकांत काकोडकरांना झालेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये रद्द केली. 'सखाराम बाइंडर'वरील (१९७२) परिनिरीक्षण मंडळाची बंदीही मुंबई उच्च न्यायालयात टिकली नाही. दुसरा प्रश्न मात्र समीक्षेने स्वत:च्या अखत्यारीत ठेवला आणि त्याचे उत्तर आधीच ठरवून टाकले. शरीरसंबंधात वेदना आली, की ती विकृती. वेदना कोणी मागितली, कोणी लादली आणि ती थांबल्यावर त्या दोन माणसांत काय घडले, याची चौकशी करण्याची गरजच तिला वाटली नाही.

या तिसऱ्या प्रश्नाला आजच्या मुंबईत एक रोजचा व्यवहार लाभला आहे. परस्परसंमतीने बांधणे, मारणे, हुकूम देणे-घेणे यांत सुख शोधणाऱ्या जोडप्यांच्या वर्तुळात, म्हणजे ज्याला ते 'किंक' म्हणतात त्या जगात, 'आफ्टरकेअर' हा शब्द रुळला आहे. दोरी सोडल्यावर बोटांत संवेदना परतली की नाही हे पाहणे, पाणी आणि काही गोड देणे, अंगावर पांघरूण घालणे, वळ उठले असतील तेथे बर्फ लावणे, जवळ बसून राहणे आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मन खचले तर विचारपूस करणे, असा त्याचा आशय आहे. हे सारे केवळ सोसणाऱ्यासाठी नसते. ज्याने हात उगारला त्यालाही आपण क्रूर नाही याची ग्वाही हवी असते आणि ती जोडीदाराकडूनच मिळू शकते.

हा शब्द कानावर पडताच समीक्षक हसतो आणि म्हणतो, हे पश्चिमेचे उसने खूळ. शब्द उसना आहे, विचार नाही. वात्स्यायनाच्या 'कामसूत्रा'तील दुसऱ्या अधिकरणाच्या दहाव्या अध्यायाचा विषयच मुळी रताचा आरंभ आणि त्याचे अवसान हा आहे. तेथे समागमानंतर दोघांनी वेगवेगळे जाऊन स्वच्छ होणे, विडा घेणे, पुरुषाने स्त्रीच्या अंगाला स्वत: चंदनाची उटी लावणे, तिला पेय पाजणे, गच्चीवर चांदण्यात बसून अरुंधती, ध्रुव, सप्तर्षी दाखवणे, असा क्रम सांगितला आहे. त्याच अधिकरणाच्या सातव्या अध्यायात प्रहारांची चर्चा आहे, आणि तीत इशारेही आहेत. चोल राजाच्या प्रहाराने चित्रसेना गणिका मेली. कुंतलाधिपती शातकर्णी सातवाहनाच्या हातून महादेवी मलयवती मेली. नरदेवाने एका नर्तकीचा डोळा गमावला. सातवाहन म्हणजे प्रतिष्ठानचे, आपले. तेव्हा हा विषय परका असल्याचा दावा निदान मराठी माणसाने तरी करू नये. अर्थात हा ग्रंथ नोकरचाकर बाळगणाऱ्या नागरकासाठी लिहिलेला आहे, आणि अवसानाची सारी मांडणी पुरुषाच्या हाती आहे. तो प्रमाण मानण्याचे कारण नाही. परकेपणाचा आक्षेप खोडण्यापुरती त्याची साक्ष पुरेशी आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो स्त्रीवादी भूमिकेतून येतो. लालबाग-परळच्या चाळींत रात्री बायकोला मारणारा आणि सकाळी गजरा घेऊन येणारा नवरा काही नवा नाही. मग मारानंतरची माया हेच अत्याचाराचे वंगण नव्हे काय? आहे, आणि म्हणूनच भेद नेमका करायला हवा. गजरा आणणाऱ्याने आधी विचारलेले नसते, थांबण्याचा शब्द ठरवलेला नसतो आणि गजऱ्याच्या बदल्यात त्याला गप्प बसणे हवे असते. ठरवून केलेली काळजी मात्र बोलण्याला जागा करून देते. पुन्हा हे नको, असे म्हणण्याची वेळ तीच असते. नंतरची काळजी संमतीची उणीव भरून काढू शकत नाही. पण ती टाळली गेली, तर आधीच्या संमतीविषयी संशय घ्यायला जागा उरते. कायद्याची विसंगती येथे लक्षात घ्यावी. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मधील अपवाद सज्ञान पत्नीच्या संमतीचा प्रश्नच उद्भवू देत नाही. ज्या समाजात लग्नाच्या खोलीत विचारणे अनावश्यक ठरते, त्याने विचारून वागणाऱ्यांना विकृत म्हणावे, हा अजब न्याय आहे.

आता 'सखाराम बाइंडर'कडे पुन्हा पाहावे. सखाराम लक्ष्मीला पट्ट्याने मारतो, आणि वेदनेने कळवळत असताना तिला हसायला लावतो. फौजदार शिंदे चंपाच्या लाथा खातो, आणि आणखी मार मागत परत येतो. समीक्षेने दोन्ही प्रसंग 'विकृती'च्या एकाच कप्प्यात टाकले. वस्तुत: ते परस्परांहून भिन्न आहेत. लक्ष्मीने काहीच मागितलेले नाही. शिंदे मागतो, पण ज्या चंपाकडे मागतो तिचा त्याने आधी अनन्वित छळ केलेला आहे, आणि तिचा मार हा तिच्या संतापाचा आहे, दोघांच्या खेळाचा नव्हे. दोन्ही प्रसंगांत समान काही असेल तर ते हेच, की मारानंतर मारणारा मार खाणाऱ्याजवळ बसत नाही. तेंडुलकरांच्या नाटकाची भीषणता माराइतकीच या रिकाम्या अवकाशात आहे. चंपाला सखारामच्या अंथरुणात जाण्यासाठी दारू लागते; नंतरसाठी तिच्याजवळ कोणीच नसते. 'विकृती' या शब्दाने समीक्षेची सुटका होते, संहितेचे मात्र काहीच उलगडत नाही.

या मौनाला एक भौतिक कारणही आहे. बीडीडी चाळीतील खोली १६० चौरस फुटांची होती, आणि तीत अख्खे कुटुंब राहत होते. गिरगाव असो वा परळ, संग उरकून घेण्याची गोष्ट होती; त्याच्या अवसानाला ना वेळ होता, ना बंद दार. जे जगण्यात मावले नाही ते साहित्यातही अभावानेच आले, हे समजण्यासारखे आहे. परंतु जागेच्या टंचाईला शालीनता मानून समीक्षेने तिचेच मूल्य बनवावे, हे क्षम्य नाही. एका वर्तुळाने स्वत:पुरते उत्तर शोधले आहे. त्याच्या आवडीनिवडी समीक्षकाला पटोत वा न पटोत, त्याने हाती दिलेला प्रश्न टाळता येणार नाही : संहितेतील मार थांबल्यावर कोण कोणाला पाणी देतो? तो विचारल्याशिवाय क्रौर्य आणि क्रीडा यांतील भेद समीक्षेला सांगता येणार नाही, आणि ज्या समीक्षेला हा भेद सांगता येत नाही तिने विकृतीचे निवाडे देणे थांबवावे.