मशीनचा हप्ता कोण भरतो?

"डॉक्टरसाहेब, एवढी वर्षं झाली, एक सोनोग्राफी का घेत नाही तुम्ही?" हा प्रश्न मला महिन्यातून दोन-चार वेळा तरी ऐकायला मिळतो. विचारणाऱ्याचं चुकत नाही. केदारखेड्याहून पेशंटला घेऊन भोकरदनला किंवा जालन्याला जायचं म्हणजे गाडीभाडं, दोघांची बुडालेली मजुरी आणि अर्धा-पाऊण दिवस. तीच तपासणी गावात झाली तर कोणाला नको आहे?

सोनोग्राफीपुरतं बोलायचं तर कायद्याचा भाग आहे. गर्भलिंग निदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्यानुसार केंद्राची नोंदणी लागते, मशीन चालवणाऱ्याची पात्रता ठरलेली असते आणि गरोदर बाईच्या प्रत्येक तपासणीचा एफ फॉर्म भरावा लागतो. मराठवाड्यात मुलींचं काय झालं हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे, त्यामुळे ही कडक शिस्त मला योग्यच वाटते. पण माझं उत्तर फक्त सोनोग्राफीबद्दल नाही. दवाखान्यातल्या कोणत्याही महागड्या मशीनचे पैसे शेवटी कोण देतं, हे पेशंटला माहीत असायला हवं, म्हणून आज थोडा हिशोब मांडतो.

समजा, मी १२ लाखांचं एक मशीन कर्जावर घेतलं. व्याज ११ टक्के, मुदत पाच वर्षं. महिन्याचा हप्ता साधारण २६ हजार येतो आणि पाच वर्षांत बँकेला साडेपंधरा लाखांहून जास्त जातात. वॉरंटी संपली की देखभालीचा वार्षिक करार करावा लागतो. त्याला किमतीच्या पाच-सहा टक्के धरले तरी महिन्याला सहा हजार. मशीन चालवायला शिकलेला मुलगा किंवा मुलगी ठेवायची तर पंधरा हजार पगार. वीज, कागद, जेल, बॅटरी यांचे तीन हजार. झाले पन्नास हजार. महिन्याचे पंचवीस दिवस दवाखाना चालतो असं धरलं तर रोजचे दोन हजार रुपये. एका तपासणीमागे चारशे रुपये उरत असतील तर मशीनला रोज पाच पेशंट लागतात, तेही माझ्या हातात एक रुपया यायच्या आधी.

आता खरा प्रश्न. ती तपासणी खरोखर गरजेची आहे असे पेशंट माझ्याकडे रोज किती येतात? दीड, फार तर दोन. मग उरलेले तीन कुठून आणायचे?

शेतकऱ्याला हे जास्त सांगावं लागत नाही. दोन एकरवाल्याने ट्रॅक्टर घेतला की हप्ता भरण्यासाठी त्याला दुसऱ्यांच्या नांगरटी शोधत फिरावं लागतं. फरक इतकाच की ट्रॅक्टरवाला शेजाऱ्याकडे गेला तर शेजारी 'माझं रान नांगरून झालंय' असं म्हणू शकतो. पोटात दुखतंय म्हणून आलेल्या माणसाला 'मला ही तपासणी नको' असं म्हणता येत नाही. डॉक्टरने लिहिली म्हणजे लागतच असणार, असं तो धरून चालतो. डॉक्टर बदमाश असावाच लागतो असंही नाही. महिन्याची पाच तारीख जवळ आली की 'एकदा करून घेतलेलं बरं' हे वाक्य चांगल्या माणसाच्या तोंडूनही सहज निघतं.

करांचीही एक गंमत आहे. वैद्यकीय सेवेवर जीएसटी नाही, म्हणून दवाखान्याला मशीनवर भरलेला जीएसटी परतही मिळत नाही. तो किमतीत जिरतो आणि पेशंटच्या बिलात उतरतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक वैद्यकीय उपकरणांवरचा हा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. म्हणजे १२ लाखांच्या मशीनवर ८४ हजार वाचले. तुमच्या तपासणीचे दर त्या प्रमाणात कमी झाले का, हे विचारायला हरकत नाही.

कर्ज न काढता मशीन मिळण्याचाही एक रस्ता आहे आणि मला त्याची जास्त काळजी वाटते. रक्ततपासणीची मशीन विकणारा एक तरुण प्रतिनिधी मागे दवाखान्यात आला होता. म्हणाला, "सर, मशीन फुकट ठेवतो. फक्त केमिकल आमच्याकडूनच घ्यायचं आणि महिन्याला इतक्या टेस्ट झाल्या पाहिजेत." मोठ्या लॅबमध्ये, जिथे नमुने आपोआप येतात, तिथे हा करार ठीक असेल. पण जो डॉक्टर चिठ्ठी लिहितो, त्याच्याच टेबलाला टेस्टचा महिन्याचा आकडा बांधायचा? त्यापेक्षा बँकेचा हप्ता बरा. बँक निदान कोणाच्या रक्तात काय शोधायचं ते ठरवत नाही. मी त्याला चहा पाजून परत पाठवलं.

बरं, हप्ता नाही, अट नाही, सरकारने मशीन नुसतं आणून दिलं तर सगळं सुरळीत होतं का? याचं उदाहरण आपल्या अगदी जवळचं आहे. २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत औरंगाबादच्या घाटी रुग्णालयाला केंद्राकडून १५० व्हेंटिलेटर आले. आपल्या भागातले अत्यवस्थ पेशंट शेवटी घाटीतच जातात, त्यामुळे ही मोठी मदत होती. पण वापरात घेतलेल्या ११३ यंत्रांत दोष असल्याचं समोर आलं आणि उरलेली ३७ तर खोक्यातून बाहेरच काढली नव्हती. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेलं. रुग्णालयाचे डॉक्टर म्हणत होते की यंत्रांवर पेशंटचा जीव सोपवता येत नाही. केंद्राचं प्रतिज्ञापत्र म्हणत होतं की यंत्रं चांगली आहेत, ती नीट चालवली जात नाहीत. एकमेकांवर दोष ढकलण्याच्या या प्रकारावर खंडपीठाने स्पष्ट नाराजी व्यक्त केली.

कोणाचं किती खरं, हा वाद मी इथे सोडवत नाही. मला त्यातून वेगळंच दिसतं. व्हेंटिलेटर म्हणजे फ्रिज नव्हे, की प्लग लावला आणि सुरू झाला. त्याला ठराविक दाबाचा ऑक्सिजन लागतो, जोडणी करून देणारा इंजिनिअर लागतो, शिकलेली नर्स लागते आणि बिघडलं तर काही तासांत येणारा माणूस लागतो. यातली कोणती जबाबदारी कोणाची, हे खरेदीच्या कागदावर आधीच लिहिलेलं असेल तर पेशंट गुदमरत असताना प्रतिज्ञापत्रं लिहायची वेळ येत नाही.

आणि हे फक्त साथीच्या काळातलं नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानाने सरकारी रुग्णालयांतल्या यंत्रांची मोजदाद केली, तेव्हा २९ राज्यांत साडेसात लाखांवर उपकरणं सापडली आणि वेगवेगळ्या राज्यांत त्यातली १३ ते ३४ टक्के बंद होती. त्यानंतर २०१५ पासून देखभालीचं काम बाहेरच्या संस्थांना देण्याची योजना आली. पण नवं मशीन आलं की फीत कापतात, फोटो छापून येतो. जुन्या मशीनची बॅटरी बदलली म्हणून कोणी फीत कापत नाही. ग्रामीण रुग्णालयाच्या दारात प्रत्येक मोठ्या मशीनचं नाव, खरेदीची तारीख, देखभालीचा करार कधी संपतो आणि बंद असेल तर कधीपासून, एवढं लिहिलेला एक फलक लावावा, अशी माझी मागणी आहे. त्याला खर्च येतो पेंटरचा. ग्रामसभेत हा विषय घ्यायला काय अडचण आहे?

काही वेळा मशीन न घेणं हाच शहाणपणा असतो. राज्यात 'महालॅब' नावाने चालणारी मोफत तपासणी तुम्ही प्राथमिक आरोग्य केंद्रात पाहिली असेल. तिथे प्रत्येक केंद्राला महागडं यंत्र दिलेलं नाही. रक्त केंद्रात घेतात, तपासणी मोठ्या प्रयोगशाळेत होते आणि रिपोर्ट परत येतो. रिपोर्टला कधी उशीर होतो, त्याबद्दल माझीही कुरकुर असते. पण थायरॉईडच्या तपासणीला एक दिवस जास्त लागला तर कोणाचं काही बिघडत नाही. जिथे थांबता येतं तिथे नमुना प्रवासाला पाठवावा, माणूस नव्हे.

जिथे थांबता येत नाही, ती यंत्रं मात्र गावातच पाहिजेत. छातीत दुखत असेल तर दहा मिनिटांत ईसीजी निघालाच पाहिजे. तो मोबाईलवर जालन्याच्या किंवा संभाजीनगरच्या हृदयरोगतज्ज्ञाकडे जातो आणि पेशंटला नेमकं कुठे न्यायचं हे गाडी निघायच्या आधी ठरतं. साधा ईसीजी काही हजारांत येतो, बॅटरीवर चालतो, लाईट गेली तरी अडत नाही. त्याच्या जोडीला पल्स ऑक्सिमीटर, ग्लुकोमीटर, नेब्युलायझर, सक्शन, भरलेलं ऑक्सिजन सिलिंडर आणि दोन मापांच्या पट्ट्यांचं बीपीचं यंत्र. जाड दंडाला लहान पट्टी बांधली तर बीपी आहे त्यापेक्षा जास्त दिसतं आणि माणूस नको त्या गोळीला लागतो. काहीशे रुपयांची मोठी पट्टी, पण कित्येक दवाखान्यांत ती नसते. पुढच्या वेळी बीपी मोजताना आपल्या दंडाला पट्टी पुरते का, ते जरूर बघा.

डॉक्टरने तपासणी लिहिली तर सरळ विचारा, "साहेब, रिपोर्ट चांगला आला किंवा वाईट आला, तर औषधात काय बदल होईल?" उत्तर असेल तर तपासणी करा, उशीर करू नका. उत्तर नसेल तर दोन दिवस थांबता येईल का, हेही विचारा. मला हा प्रश्न विचारला तर राग येत नाही. ज्याला येतो, त्याच्याबद्दल तुमचं तुम्ही ठरवा.

अजून एक. आई-वडिलांच्या स्मरणार्थ दवाखान्याला मशीन द्यायची आपल्याकडे चांगली पद्धत पडते आहे. द्या, पण आधी तिथल्या डॉक्टरांना आणि सिस्टरना विचारा की काय कमी आहे. बऱ्याचदा उत्तर 'इन्व्हर्टरची बॅटरी' असं येईल. त्यावर नावाची पाटी शोभत नाही, तरी तीच द्या. कोरोनात घेतलेले ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर मी कपाटांवर आणि मंडळांच्या खोल्यांत धूळ खात पडलेले पाहिले आहेत. त्यातला हवा गाळणारा पदार्थ नुसता पडून राहिला की ओल धरतो, आणि मग यंत्र आवाज करतं पण पुरेसा ऑक्सिजन देत नाही. तुमच्याकडे असं एखादं असेल तर कंपनीच्या पुस्तिकेत बघून ते अधूनमधून चालवा आणि कोणाला वापरायला देण्याआधी त्यातून निघणारा ऑक्सिजन मीटरने मोजून घ्या. ८२ टक्क्यांच्या खाली असेल तर आधी दुरुस्ती, मग पेशंट.